मारोतीरावांचं पित्तर

ही गोष्ट खरी आहे.

तसं सगळेच म्हणतात, मला माहीत आहे. पण या गोष्टीतली माणसं अजून जिवंत आहेत, एक सोडून. ढाणकीच्या बाजारात कधीतरी तुमच्या शेजारी उभी राहून वांगी निवडत असतील. विचारलंत तर काही सांगणार नाहीत. मला सांगितलं ते माझ्या पंचफुला मावशीनं, आणि मावशीला आता खोटं बोलायचाही कंटाळा आला आहे. वय झालं की खोटं ध्यानात ठेवायला जड जातं, असं तीच म्हणते.

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. मागच्या पितृपक्षातली, उमरखेड तालुक्यातल्या आमच्या गावातली.

आमच्याकडे त्या पंधरवड्यात पित्तर जेवू घालतात. गेलेल्या माणसाच्या तिथीला गावातलं एखादं म्हातारं माणूस घरी बोलवायचं. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पाटावर बसवायचं. तो जेवतो तेवढा वेळ तो या घरचा गेलेला बाप. पोरं पाया पडतात, सुना डोक्यावर पदर घेऊन वाढतात. तो बोलत नाही.

इथपर्यंत सगळीकडे सारखंच. पण आमच्या गावात पुढं एक रीत आहे. जेवून तो उंबऱ्याबाहेर पडला, की घरधन्यानं मागून त्याला त्याच्या स्वतःच्या नावानं हाक मारायची. त्यानं "हो" म्हणायचं.

झालं. बाप बापाच्या वाटेनं गेला, माणूस आपल्या घरी आला.

ही हाक राहून गेली तर काय होतं, हे कोणी पाहिलेलं नव्हतं. कधी राहिलीच नव्हती.

मावशीचे यजमान, आमचे गोविंदकाका, हे गावातले ठरलेले पित्तर. ऐंशीच्या घरातले. त्यांच्या जोडीचे उत्तमसिंग, बापू, सगळे एकेक करून गेले आणि काका प्रत्येकाच्या घरी त्याच्या जागी जेवून आले. मावशी चिडवायची, "अख्ख्या गावाचे बाप होऊन बसले तुमी. मले चूल पेटवाची गरजच नाई." काका हसायचे. अलीकडे हसत नव्हते.

"थकवा येते व," ते म्हणाले होते. "पहिले दोस्ताच्या घरी जेवाले जावो. आता दोस्त होऊन जेवा लागते."

मावशीला तेव्हा ते बोलणं नुसतं म्हातारपणाचं वाटलं.

मागच्या वर्षी मारोतीरावांचं पहिलं पित्तर होतं. मारोतीराव म्हणजे काकांचा जिवाभावाचा माणूस. शेताला शेत लागून, बांधावर दोघांची भाकर एकत्र सुटायची. लकवा मारल्यापासून ते डावा पाय घासत चालायचे, आणि त्यातच गेले. घरी त्यांची बायको सत्यभामा एकटी. मुलगा प्रफुल्ल पुण्याला, कंपनीत. तिथीपुरता आला होता. संध्याकाळी उमरखेडहून गाडी पकडायची होती त्याला.

काकांनी कढी, वडे, खीर सगळं थोडं थोडं खाल्लं. हात धुतला. उठले. उंबरा ओलांडला.

त्याच वेळी प्रफुल्लचा फोन वाजला. साहेबाचा होता. तो बोलत बोलत मागच्या दारी गेला. सत्यभामाकाकू चुलीपाशी होत्या.

हाक मारलीच नाही कोणी.

मावशी आपल्या ओट्यावर डाळ पाखडत बसली होती. भादव्यातलं ऊन. गल्लीत चिटपाखरू नाही. आणि तिला आवाज आला...

घसर... घसर...

"या भाऊजी," ती सवयीनं म्हणून गेली.

आणि सूप तिच्या हातातच राहिलं. भाऊजींना जाऊन वर्ष झालं होतं.

तिनं मान वर केली. गल्लीतून काका येत होते. टोपी काकांची, चप्पल काकांची. डावा पाय मात्र... मागं राहत होता.

ते स्वतःच्या घरासमोरून, तिच्याकडं न बघता, सरळ पुढं निघून गेले.

"आवो," मावशीनं हाक मारली. "आवो, कुठं निंगाले?"

काका थांबले. वळून थोडा वेळ बघत राहिले. मग परत आले आणि न बोलता पडवीत जाऊन आडवे झाले.

मावशीनं मनाची समजूत घातली. ऊन लागलं असेल. खाणं जड गेलं असेल.

संध्याकाळी तिनं चहा दिला. काकांना साखरेचा आजार. गेली कित्येक वर्षं ते फिका चहा पितात. त्यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"साखर नाई टाकली?"

एवढंच विचारलं. पण विचारायची पद्धत पाहुण्याची होती. संकोचून, हळू.

त्या रात्री मावशीला झोप आली नाही. कारण तिला बराच वेळ कळत नव्हतं. मग कळलं.

खोकला नव्हता.

काकांना तंबाखूचा जुना खोकला आहे. तो खोकला ऐकत ती म्हातारी झाली. शिव्या घालत झाली, पण त्याच्याशिवाय कधी झोपली नाही. त्या रात्री पडवीत कोणी खोकत नव्हतं. श्वास मात्र चालू होता.

ती पहाटेपर्यंत तो श्वास ऐकत पडून राहिली. आपल्या माणसाचा श्वास आपल्याला ओळखू येऊ नये, याची तिला लाज वाटली.

दोन दिवसांनी, दुपारी, तिनं ताट वाढलं. काका आत येईनात. दाराच्या चौकटीशी बसून राहिले. मारोतीराव या घरात आले की तिथंच बसायचे. मित्राच्या बायकोच्या चुलीपाशी यायचं नाही, हे त्यांचं जुनं वळण.

"या ना जेवाले," मावशी म्हणाली.

काकांनी इकडं तिकडं पाहिलं. जरा अवघडले. मग म्हणाले...

"वयनी, गोविंदा कुठं गेला?"

 पन्नासच्या वर वर्षं संसार केलेला माणूस समोर बसून तिला वहिनी म्हणत होता, आणि त्याच्याच तोंडानं त्याचाच पत्ता विचारत होता.

तिनं मला फोन केला. मी यवतमाळला असते. मी शहाणपणा केला. म्हटलं, मावशी, याला विसरण्याचा आजार म्हणतात, या वयात होतो, डॉक्टरला दाखवू. मी गेले, दोघांना उमरखेडला घेऊन गेले. दवाखान्यात नर्सनं विचारलं, पेशंटचं नाव काय? मावशीनं पिशवीतून आधार कार्ड काढून पुढं सरकवलं. तिनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. लग्नातल्या उखाण्यात एकदा, तेवढंच. नवऱ्याचं नाव बायकोच्या तोंडी आलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या सासूनं सांगितलं होतं. मी हसले तेव्हा.

डॉक्टरांनी तपासलं. गोळ्या दिल्या. वयानं होतं, म्हणाले.

बसमध्ये मावशी खिडकीतून पिवळं पडलेलं सोयाबीन बघत बसली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "वयानं माणूस आपलं इसरते व. दुसऱ्याचं कायले याद करन?"

 मी माझ्या घरी परत आले. पुढचं मी पाहिलेलं नाही, मावशीनं सांगितलेलं आहे.

काका रोज दुपारी उठायचे आणि घसर... घसर... निघायचे. एक दिवस ती मागून गेली.

ते मारोतीरावांच्या ओट्यावर बसले होते. सत्यभामाकाकूंनी त्यांना चहा दिला होता. बशीत ओतून. शेजारी साखरेचा डबा उघडा होता. काकू पदरानं त्यांना वारा घालत होत्या.

मावशीला बघून काकूंचा हात थांबला.

"सत्यभामा," मावशी म्हणाली, "तुया पोरानं हाक मारली होती का त्या दिवशी?"

काकूंनी साखरेचा डबा झाकला.

"मारली का नाई?"

"मी चुलीपाशी होती," काकू म्हणाल्या. "तो फोनवर बोलून राह्यला होता. इसरला."

"मंग तुले ठावूक होतं."

"दुसऱ्या दिवशी हे आले ना व. दाराशी उभे राह्यले. म्हणे, सत्या, पाणी दे." काकूंच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण आवाज साधाच होता. "वर्ष झालं मले कोणी सत्या म्हणलं नाई."

"प्रफुल्लले फोन लाव."

"राहू दे ना आमोशापावतर. आमोशाले तं पित्तर जातेच."

"जाते," मावशी म्हणाली. "एकटं जाते का?"

काकूंनी मान फिरवली. गावातल्या जुन्या बाया म्हणायच्या, हाक न मारलेलं पित्तर ज्याच्या अंगात बसतं त्याला सोबत घेऊन जातं. दोघींनीही ते आपापल्या सासूकडून ऐकलं होतं.

मावशीला तिचा राग आला. आणि त्याच वेळी तिची कीवही आली, कारण वर्षभर एकटीनं ताट वाढून घ्यायचं म्हणजे काय, हे तिला गेल्या काही दिवसांत कळायला लागलं होतं. ती भांडली नाही. भांडायचं त्राण तिच्यात उरलंच नव्हतं. ती तिथंच ओट्याच्या कडेला टेकली, आणि दोघी म्हाताऱ्या एका माणसाच्या दोन बाजूंना बसून राहिल्या.

सर्वपित्री अमावस्या आली.

दुपार व्हायच्या आत मावशी पुन्हा सत्यभामाकाकूंच्या दारात गेली. काका आधीच ओट्यावर होते. डोळे मिटून, भिंतीला टेकून. चेहरा उतरलेला. दिवसागणिक ते वाळत चालले होते. मावशी म्हणते, एका अंगात दोघांचं भागत नव्हतं.

"लाव फोन," मावशी म्हणाली. या वेळी काकूंनी लावला.

प्रफुल्लला सगळं सांगितलं. तो आधी गोंधळला, मग वैतागला, मग म्हणाला, "बरं, मोठ्या आवाजावर ठेवा. मारतो हाक. तेवढ्यानं बरं वाटत असन तं काय हरकत हाय."

काकूंनी फोन काकांच्या कानाजवळ धरला.

"गोविंदकाका," फोनमधून आवाज आला.

काका हलले नाहीत.

"गोविंदकाका, आयकू येते का?"

काकांनी डोळे उघडले. फोनकडं बघितलं. आणि हसले.

"पफ्या," ते म्हणाले, "जेवला का रे?"



काकांनी प्रफुल्लला आयुष्यात कधी पफ्या म्हटलं नव्हतं. त्या नावानं त्याचा बापच त्याला हाक मारायचा. आणि आवाजही... मावशी म्हणते, मी शपथ घेऊन सांगेन, आवाजही काकांचा नव्हता.

"बाबा," फोनमधून आलं. अगदी लहान आवाजात.

मग फोन बंद झाला. काकूंनी पुन्हा लावला. प्रफुल्लनं उचलला नाही. पुन्हा लावला. उचलला नाही.

"तू मार हाक," मावशी काकूंना म्हणाली. "घर तुयं हाय."

"माया तोंडातून निंगत नाई व. त्याले बोलावणं म्हंजे याले हाकलणं." काकूंनी तोंडावर पदर घेतला. "एक डाव जाऊ देल्लं मी याले. आता नाई होत."

घराघरांवर कावळ्यांसाठी घास ठेवले होते. सगळ्या गावात कावकाव चालली होती. आणि मग ती...

थांबली.

एकदम. सगळीकडची.

काका उठले. कोणाकडं न बघता ओटा उतरले आणि चालायला लागले. घराकडं नाही. नाल्याकडं. तिकडं शेत नाही, वस्ती नाही. तिकडं एकच जागा आहे, आणि तिथं गावातला प्रत्येक माणूस एकदाच आपल्यासाठी जातो.

घसर... घसर...

मावशी मागून निघाली. गुडघे चालू देईनात. आणि तिला ऐकू आलं की आवाज एक नाही.

घसर... फट. घसर... फट.

पाय घासण्याचा एक. आणि चपलेचा दुसरा, काकांच्या नेहमीच्या चालीचा. रस्त्यात माणूस एकच होता. चालत दोघं होते.

म्हणजे तो आत आहे, तिला वाटलं. माझा बुढा अजून आत आहे आणि त्याला घेऊन चालले आहेत.

तिच्या तोंडाशी नाव आलं.

आणि अडलं.

मावशी मला म्हणाली, तू हसली होतीस त्या दिवशी दवाखान्यात. पण मी जन्मभर पाळलेलं होतं ते. रेशनच्या दुकानात पाळलं, बँकेत पाळलं, पोरगं तापानं गेलं तेव्हाही पाळलं. त्याचं आयुष्य माझ्या जिभेनं जपलं असं मला वाटायचं. आता नाव घेतलं तर त्याचं आयुष्य तुटणार. नाही घेतलं तर तो आत्ताच जाणार. काय राहिलं होतं त्याचं असं? वर्ष, दोन वर्षं? त्यातलंच तोडायचं होतं.

ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"गोविंदा."

राव नाही, काही नाही. नुसतं गोविंदा. त्यांची आई मारायची तशी हाक.

काका चालत राहिले.

"गोविंदा... घरी चाल."

ते थांबले. पाठमोरे. टोपी जराशी हलली.

"हो," ते म्हणाले.

आणि खोकले.

मावशी सांगते, त्या खोकल्यानं तिला रडू कोसळलं. काका वळले, चिडून म्हणाले, "काय झालं? कायले उनात उभी हायस?" आणि चालत तिच्याकडं आले. दोन्ही पाय सरळ टाकत.

पण रस्त्यावर...

घसर... घसर...

तो आवाज पुढं चालला होता. नाल्याच्या दिशेनं. रिकाम्या रस्त्यावरून, सावकाश. मावशीनं ऐकला. ओट्यावरून सत्यभामाकाकूंनीही ऐकला. काकू उभ्या राहून तो ऐकत होत्या. पार ऐकू येईनासा झाला तोवर उभ्या होत्या. मग आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

काका घरी आले. फिका चहा प्यायले. शिव्या दिल्या की पडवीत कोणी झाडलं नाही. मधले दिवस त्यांना आठवत नव्हते. मावशीनं विचारलं नाही. पण दिवेलागणीला ते आपणहून बोलले.

"पंगत बसली होती," ते म्हणाले. "मोठ्या झाडाखाली. मले उठूच देत नोते."

"कोण होतं?"

"सगळेच. मारोती नोता पहिले, मंग आला. उत्तमसिंग होता. बापू होता. वाढणारं कोणी दिसे नाई, पण ताटं भरलेली. मी म्हणलं, मले घरी जा लागते. तं म्हणे बस, तुयीच जागा हाय." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मंग तुया आवाज आला. त्यायनंबी आयकला. सगळे हासले."

"हासले कायले?"

काका खोकत राहिले.

"आवो, हासले कायले?"

"माया बाजूले एक पाट मांडला होता," ते म्हणाले. "रिकामाच. मी इचारलं कोनाचा. कोणी सांगे नाई. तू हाक मारली तं सगळे त्या पाटाकडं पाहून हासले."

त्यावर मावशीनं काय विचारलं असेल? मी असते तर ओरडले असते. देवाला दिवा लावला असता, उद्याच्या उद्या काका-मावशीला यवतमाळला हलवलं असतं. मावशीनं विचारलं, "सावली होती का तिथं?"

"होती," काका म्हणाले. "चांगली दाट होती."

एवढंच. त्यानंतर त्या दोघांत हा विषय निघालेला नाही. प्रफुल्ल दिवाळीला गावी आला नाही. आईला फोन करतो, पण बोलता बोलता मधेच गप्प होतो, आणि थोड्या वेळानं विचारतो, शेजारी कोणी आहे का. काका आता कोणाच्या घरी पित्तर जेवायला जाणार नाहीत, असं त्यांनी गावात सांगून टाकलं आहे. मावशी मात्र आता त्यांना नावानं हाक मारते. जेवायला, चहाला, उगाचसुद्धा. गावातल्या बाया तोंडाला पदर लावतात. ती म्हणते, तोडायचं ते तोडून झालं, आता कशाला भ्यायचं.

मी मागच्या महिन्यात गेले होते. तिनं हे सगळं मला सांगितलं ते दुपारचं, ओट्यावर, तूर निवडत. मधेच तिला दम लागत होता. मी म्हटलं, मावशी, तुझीही तब्येत दाखवू या उमरखेडला. तिनं नुसती मान हलवली.

"तुले भेव नाई वाटत का?" मी शेवटी विचारलं. "त्या पाटाचं?"

मावशीनं सूप बाजूला ठेवलं. गुडघे लांब केले.

"मले भेव एकाच गोष्टीचं होतं," ती म्हणाली. "हा पुढं गेला तं मी कोणाच्या मागं जाऊ? नाईतं मी पुढं गेली तं याले कोण हाक मारन? पन्नास वर्सं हेच भेव होतं. आता नाई. जागा बाजूबाजूले हाय ना." आणि मग अगदी सहज म्हणाली, "अन् पाट मांडून ठेवते माणूस, ते जेवण झाल्यावर का? जेवाच्या आधीच मांडते."

ती हसत होती.

गेल्या कित्येक वर्षांत मी तिला इतकं निवांत पाहिलं नव्हतं, आणि त्यामुळंच त्या दिवसापासून मला झोप नाही. ती घाबरली असती, तर मला बरं वाटलं असतं.